मल्लाची वजनवृद्धी आणि स्नायुवृद्धी : गुंजण मावळाच्या संदर्भात एक विवेचन

राजगडाच्या उत्तर पायथ्याशी, वेल्हे म्हणजेच आताच्या राजगड तालुक्यात, गुंजवणे हे गाव वसलेले आहे. गावावरून चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर चढणारी वाट इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. ज्या खोऱ्यात हे गाव येते त्यास गुंजण मावळ म्हणतात. भाताची खाचरे, डोंगरउतारावरील नाचणी व वरी, आणि वर्षातील चार महिने अखंड पाऊस अशी ह्या प्रदेशाची ठेवण आहे. येथील तरुण शरीराने काटक असतो. चढ-उतार, नांगरट, लावणी ह्यांनी त्याचा दम वाढलेला असतो. पण तोच तरुण तालमीत उतरला, की बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : मेहनत पुष्कळ होते, मग अंग का भरत नाही ?

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. यात्रेच्या फडात कुस्त्या पुष्कळदा जोड पाहून लावल्या जातात आणि जोड पाहताना देहाचा आकार प्रथम पाहिला जातो. मॅटवरील स्पर्धांत तर वजनगट हा नियमच आहे. हलक्या अंगाच्या मुलास चांगली कुस्ती मिळावी, ह्यासाठी घरातील माणसे दूध, तूप, बदाम ह्यांवर आपल्या ऐपतीपलीकडे खर्च करतात. तो खर्च सार्थकी लागतो की वाया जातो, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात मल्लविद्येची परंपरा आणि आजचे शरीरक्रियाशास्त्र ही दोन्ही समोर ठेवून ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. परंपरेतील विचार

मल्लाचे शरीर ‘घडवावे’ लागते, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वय, आकार व बल ह्यांवरून मल्लांचे प्रकार पाडले असून त्यांच्या आहाराची तरतूद राजाने करावी असे सांगितले आहे. त्या आहारात कडधान्ये, मांस, दूध आणि गोड पदार्थ येतात. पश्चिम भारतातील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेशी निगडित असलेला ‘मल्लपुराण’ हा संस्कृत ग्रंथ १९६४ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने प्रसिद्ध केला. त्यातही आहार व व्यायाम ह्यांचा विचार ऋतू आणि शरीरप्रकृती पाहून केलेला आढळतो. उलट आयुर्वेदाची दृष्टी आरोग्याची आहे. सुश्रुतसंहितेत व्यायाम अर्ध्या बलाने करावा असे म्हटले आहे. स्पर्धेसाठी तयार होणारा मल्ल ही मर्यादा ओलांडतो. ती ओलांडावयाची तर भरपाईही तशीच हवी, हे आपल्या वस्तादांनी अनुभवाने ओळखले आणि त्यातूनच ‘खुराक’ ही संस्था उभी राहिली.

महाराष्ट्रात ह्या संस्थेस राजाश्रयाचे बळ मिळाले ते विशेषतः कोल्हापुरात. राजर्षी शाहू छत्रपतींच्या (१८७४–१९२२) काळात तेथे तालमी भरभराटीस आल्या, बाहेरचे नामांकित मल्ल येऊन राहिले आणि खासबागेचे मैदान उभे राहिले. राजाश्रयात मल्लाचा खुराक दरबारातून चालत असे. संस्थाने गेल्यावर तो भार प्रामुख्याने कुटुंबावर, गावावर आणि काही प्रमाणात साखर कारखान्यांसारख्या संस्थांवर आला. खुराकाचे शास्त्र समजून घेण्याची निकड ह्या बदलानंतर वाढली. दरबारी कोठारातून आलेले तूप वाया गेले तरी कोणाचे अडत नव्हते. शेतकऱ्याच्या घरी मात्र पावशेर तुपाचाही हिशेब असतो.

२. वजन आणि स्नायू ह्यांतील भेद

तराजूवर दिसणारे वजन एकजिनसी नसते. त्यात हाडे, स्नायू, मेद, पाणी, तसेच आतड्यातील अन्न ह्यांचा समावेश होतो. एका दिवसात एक-दोन किलोंचा चढ-उतार पाण्यामुळे सहज होतो. सकाळच्या मेहनतीत घाम गेला म्हणून मेद गेला असे होत नाही आणि रात्री पोटभर जेवल्याने स्नायू आला असेही होत नाही. वजन मोजावयाचे तर सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, एकाच काट्यावर मोजावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी.

स्नायूंची वाढ म्हणजे मुख्यत्वे अस्तित्वात असलेल्या स्नायुतंतूंची जाडी वाढणे होय. स्नायूतील प्रथिने सतत मोडत असतात आणि सतत नव्याने घडत असतात. घडण मोडीपेक्षा अधिक झाली, तरच स्नायू वाढतो. ताणाचा व्यायाम केल्यानंतर ही घडण सुमारे एक ते दोन दिवस वाढलेली राहते. त्या काळात अन्नातून प्रथिने मिळाली म्हणजे ती घडणीच्या कामी येतात. म्हणजे व्यायाम हा आदेश, अन्न ही सामग्री आणि विश्रांती ही बांधकामाची वेळ होय. तिघांपैकी एक जरी उणे पडले, तरी काम थांबते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तालमीत नव्याने आलेल्या मुलाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, पण अंग तसेच राहते. ह्याचे कारण असे की, आरंभीची वाढ बव्हंशी मज्जासंस्थेची असते. आहेत तेच स्नायू अधिक एकवटून वापरण्यास शरीर शिकते. स्नायूंची दृश्य वाढ त्यामागून, महिन्यांच्या हिशेबाने येते. ‘दोन महिने झाले, काहीच फरक नाही’ म्हणून तालीम सोडणारा मुलगा नेमका वाढीच्या उंबरठ्यावरून परत फिरतो.

३. तालमीतील मेहनतीचे विश्लेषण

जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे, मल्लखांब, मुद्गल व करेला फिरविणे, आखाडा खोदणे आणि प्रत्यक्ष लढत ही तालमीतील मेहनतीची ठळक अंगे होत. ह्यांपैकी कोणती स्नायुवृद्धी करतात आणि कोणती दम वाढवितात, हे वेगळे करून पाहिले पाहिजे.

स्नायूस वाढीचा आदेश मिळतो तो ताणामुळे. हा ताण दोन प्रकारांनी निर्माण करता येतो. भार मोठा असेल, तर थोड्या आवृत्त्यांत तो पुरेसा होतो. भार लहान असेल, तर स्नायू थकून पुढची आवृत्ती काढणे जवळजवळ अशक्य होईपर्यंत आवृत्त्या कराव्या लागतात. अलीकडील प्रयोगांवरून असे दिसून आले आहे की, हलक्या भारानेही स्नायू वाढतो, मात्र ही अट पाळली गेली तरच.

जोर काढताना भार स्वतःच्या शरीराचाच असतो. साध्या दंडाच्या स्थितीत शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो. म्हणजे साठ किलो वजनाच्या मुलाच्या हातांवर सुमारे चाळीस किलो. ज्यास पंधरा जोर कष्टाने निघतात, त्याच्या छातीस, खांद्यांस व दंडांस ह्या भाराने उत्तम चालना मिळते. पण जो एका दमात दोनशे जोर काढतो, त्याच्या दृष्टीने तोच भार हलका झालेला असतो. त्याचा शंभरावा जोर आणि पहिला जोर ह्यांत स्नायूच्या दृष्टीने फारसे अंतर नसते. अशा वेळी संख्या आणखी वाढविल्याने दम व चिकाटी वाढते, अंग मात्र भरत नाही. बैठकांचेही तसेच. हजार बैठका ही प्रशंसनीय गोष्ट खरी, परंतु ती मांड्यांच्या वाढीची हमी नव्हे.

ह्यावरील उपाय परंपरेतच आहेत. जोडीदारास खांद्यावर घेऊन बैठका काढणे, जड मुद्गल वापरणे, पाय उंच ठेवून जोर काढणे, सावकाश खाली जाणे, दोरावर केवळ हातांनी चढणे, हे सर्व प्रकार भार वाढविणारे आहेत. ज्यांस लोखंडी वजने उपलब्ध आहेत त्यांनी ती वापरावीत, ज्यांस नाहीत त्यांनी वाळूचे पोते वापरावे. महत्त्वाचे तत्त्व एकच : भार हळूहळू वाढला पाहिजे. आठ ते वीस आवृत्त्यांत स्नायू थकेल असा भार, प्रत्येक स्नायुसमूहास आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस तीन-चार फेऱ्या, आणि फेऱ्यांच्या मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, एवढी मांडणी आरंभीच्या वर्षास पुरेशी होते.

मर्दानी खेळांची गोष्ट थोडी निराळी आहे. लाठी, पट्टा, फरीगदगा, बोथाटी ह्यांत शरीराचा भार अंगावर येत नाही. मनगट, खांदे, कंबर ह्यांची लवचिकता आणि पायांची चपळाई तेथे मुख्य असते. ह्या खेळांच्या सरावाने अंग सुटसुटीत होते, पण वजन वाढेल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. किंबहुना पट्टा फिरविणाऱ्यास अकारण वाढलेले वजन अडचणीचेच ठरेल. म्हणून वजन वाढविण्यापूर्वी ‘कशासाठी’ हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

४. चढण आणि उष्मांकांचा हिशेब

गुंजण मावळातील तरुणाच्या अडचणीचे मूळ त्याच्या दिनक्रमात सापडते. सत्तर किलो वजनाच्या माणसाने सहाशे मीटर उंची चढली असे धरू. पदार्थविज्ञानाच्या नियमाने ह्या चढाईचे कार्य सुमारे ४ लाख १२ हजार ज्यूल, म्हणजे सुमारे ९८ किलोकॅलरी होते. परंतु शरीराचे यंत्र खर्चिलेल्या ऊर्जेपैकी साधारणतः एक-चतुर्थांश किंवा त्याहूनही थोडी कमी ऊर्जाच अशा कामात उतरविते, बाकीची उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च ४०० ते ५०० किलोकॅलरींच्या घरात जातो. पाठीवर ओझे असेल, तर तो आणखी वाढतो.

आता वजन वाढविण्यासाठी रोजच्या गरजेपेक्षा किती अधिक खावे लागते ? सर्वसाधारणपणे ३०० ते ५०० किलोकॅलरी. म्हणजे पहाटे तालीम करून दिवसा एकदा गड चढून उतरणारा किंवा रानात राबणारा तरुण, वाढीसाठी घेतलेला सगळा जादा घास त्या एका चढाईतच खर्च करून बसतो. ‘खातो तर पुष्कळ, मग जाते कोठे ?’ ह्या घरोघरच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते.

दमाची मेहनत आणि ताकदीची मेहनत एकत्र केल्यास होणाऱ्या परिणामाचा अभ्यास रॉबर्ट हिक्सन ह्या अमेरिकन संशोधकाने १९८० साली प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांच्या त्या प्रयोगात दोन्ही प्रकारची कठोर मेहनत एकदम करणाऱ्यांची ताकद आरंभी वाढली, पण अखेरच्या आठवड्यांत वाढ थांबून उलट ती उतरू लागली. नंतरच्या संशोधनाने ह्यात अनेक बारकावे जोडले आहेत. स्नायूंच्या आकारावर होणारा परिणाम तितका मोठा नसतो, आणि दोन्ही मेहनतींत काही तासांचे अंतर ठेवल्यास व आहार पुरेसा असल्यास तो पुष्कळच कमी होतो, असे आज मानले जाते. तथापि व्यवहारातील बोध स्पष्ट आहे. ज्या महिन्यांत अंग भरावयाचे, त्या महिन्यांत धावणे व चढणे आवश्यक तेवढेच ठेवावे.

ह्या दृष्टीने मावळातील शेतीचे वर्षच एक वेळापत्रक सुचविते. जून-जुलैत चिखलणी व लावणीची कामे असतात, खर्च मोठा असतो, अंगावर सदैव ओल असते. ह्या काळात वजन टिकविणे हेच ध्येय मानावे. भाताची कापणी-मळणी उरकली की हिवाळा येतो. भूक प्रखर असते, अन्न पचते आणि शेतातील काम हलके झालेले असते. वजनवृद्धीचा हा खरा हंगाम होय. चैत्रातील यात्रांपूर्वीचे काही आठवडे लढतीची मेहनत वाढवून दम परत आणावा. मल्लविद्येच्या जुन्या ग्रंथांनी ऋतूंचा विचार केला, त्यामागे असाच अनुभव असणार.

५. खुराकाचे पृथक्करण

परंपरेतील खुराक म्हटला की म्हशीचे दूध, तूप, बदामाची थंडाई, मांसाहारी असेल तर मटण व अंडी, असे चित्र उभे राहते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ आल्टर ह्यांनी बनारसच्या आखाड्यांवर लिहिलेल्या, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दूध, तूप व बदाम ह्यांस मल्लांच्या जीवनदृष्टीत असलेले सात्त्विक स्थान विस्ताराने वर्णिले आहे. त्या सांस्कृतिक अर्थाचा मान राखूनही त्यांतील घटक वेगळे करून पाहिले पाहिजेत.

दोन लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ८० ग्रॅम प्रथिने आणि २१०० किलोकॅलरी असतात. शंभर ग्रॅम बदामांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि ६०० किलोकॅलरी. शंभर ग्रॅम तुपात सुमारे ९०० किलोकॅलरी, आणि प्रथिने मात्र नाहीत. ह्या तिन्हींची बेरीज ३६०० किलोकॅलरी व १०० ग्रॅम प्रथिने एवढी होते. दिवसातून दोन वेळा कठोर मेहनत करणाऱ्या नव्वद-शंभर किलोंच्या मल्लास हा खुराक पचेलही. पण साठ किलोंच्या पोरसवदा मुलाने तो नुसता अनुकरणाने घेतला, तर त्यातील मोठा भाग मेद म्हणून साठेल किंवा पचनच बिघडेल. तुपाने ऊर्जा मिळते, स्नायू घडत नाही. स्नायूची सामग्री दुधातील प्रथिनांत आहे. तेव्हा ज्या घरी दूध व तूप ह्यांतून एकच निवडावयाचे आहे, तेथे निवड दुधाचीच असावी.

प्रथिने किती लागतात ? सर्वसाधारण प्रौढास दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी २०२० साली दिलेले प्रमाण आहे. ताणाचा व्यायाम करणाऱ्यांवरील अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढविल्याने स्नायुवृद्धीस साह्य होते आणि त्यापलीकडे सरासरीने विशेष लाभ दिसत नाही, असा निष्कर्ष निघतो. म्हणजे साठ किलोंच्या तरुणास सुमारे ९६ ग्रॅम. हे प्रमाण मावळातील स्वयंपाकघरातून पुरे होते की नाही, ते पाहू.

तीनशे ग्रॅम तांदूळ (कोरडे वजन) : २२ ग्रॅम प्रथिने, १०५० किलोकॅलरी. दोनशे ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरी : १४ ग्रॅम, ६४० किलोकॅलरी. शंभर ग्रॅम डाळ किंवा हुलगा-मटकीसारखे कडधान्य : २२ ग्रॅम, ३३० किलोकॅलरी. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम, भुईमुगाचे दाणे : १२ ग्रॅम, २७० किलोकॅलरी. अर्धा लिटर म्हशीचे दूध : २० ग्रॅम, ५३० किलोकॅलरी. दोन अंडी : १२ ग्रॅम, १४० किलोकॅलरी. पन्नास ग्रॅम गूळ : १९० किलोकॅलरी. तीस ग्रॅम तेल-तूप : २७० किलोकॅलरी. एकूण बेरीज सुमारे १०२ ग्रॅम प्रथिने आणि ३४२० किलोकॅलरी एवढी होते. ज्याची रोजची गरज ३००० किलोकॅलरींच्या आसपास आहे, त्यास ह्यातून चारशेची शिल्लक पडते. आकडे स्थूल आहेत, धान्याच्या जातीप्रमाणे ते थोडे बदलतील, पण दिशा निश्चित आहे. बदामावाचून अंग भरत नाही, ही समजूत त्यावरून निराधार ठरते. शेंगदाणा, हुलगा आणि नाचणी ह्यांत खुराकाचे बरेचसे काम होते. नाचणीच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा तिचा आणखी एक गुण.

धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. भात-आमटी किंवा भाकरी-उसळ एकत्र खाल्ली, की एकाचे उणे दुसऱ्याने भरून निघते. आपल्या पूर्वजांनी ही जोडी चवीने जुळविली, रसायनशास्त्राने तिचे समर्थन केले. मात्र आपल्या ताटात भाताचा डोंगर व आमटीचे पाणी असेल, तर हा लाभ मिळत नाही. डाळ घट्ट हवी. अंडी न खाणाऱ्यांनी त्याऐवजी पाव लिटर दूध किंवा तितकेच दही आणि थोडी डाळ वाढवावी. सर्व प्रथिने रात्री एकदम घेण्यापेक्षा दिवसाच्या चार खाण्यांत विभागलेली बरी. पहाटेच्या मेहनतीनंतर उपाशी पोटी थेट शेतावर जाण्याची सवय मोडली पाहिजे. भाकरी, दाणे-गूळ आणि पेलाभर दूध एवढी न्याहारी तरी त्या वेळी व्हावी.

६. विश्रांती व आरोग्य

पहाटे चार वाजता आखाड्यात उतरणारा मल्ल रात्री लवकर झोपला पाहिजे, हा तालमीचा दंडक शास्त्रशुद्ध आहे. सात-आठ तासांची झोप, आणि शक्य असल्यास दुपारची विश्रांती, ह्यांवाचून घडणीचे काम अपुरे राहते. आठवड्यातून एक दिवस मेहनतीस सुट्टी असावी.

आठवड्यास शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का, म्हणजे साठ किलोंच्या तरुणास दीडशे ते तीनशे ग्रॅम, ही वाढीची योग्य गती होय. ह्याहून वेगाने वाढलेल्या वजनात मेदाचा वाटा वाढत जातो. पुरेसे खाऊन व नीट विश्रांती घेऊनही दोन-तीन महिने वजन हलत नसेल, किंवा उलट घटत असेल, तर खुराक वाढविण्याऐवजी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. जंत, रक्तक्षय, क्षयरोग, थायरॉइड ग्रंथीचे विकार, मधुमेह ह्यांपैकी एखादे कारण असू शकते. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांत अंकुशकृमींचा संसर्ग संभवतो आणि त्याने रक्त कमी होते. अशा मुलास बदाम चारणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

७. वजनगट आणि खाशाबा जाधव ह्यांचे उदाहरण

मातीतील फडात थोर देहाचे महत्त्व असले, तरी ऑलिंपिकमधील महाराष्ट्राचे यश लहान देहाचे आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४) हे १९४८ साली लंडन येथे ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे ते ५७ किलो गटात उतरले आणि त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक स्पर्धेतील ते पहिले ऑलिंपिक पदक. गटाच्या मर्यादेवरून प्रत्यक्ष स्नायुवृद्धी मोजता येत नाही, हे खरे. तरीही पाच किलोंनी वरच्या गटात जाऊन अधिक यश मिळविण्याचा हा प्रसंग विचारास चालना देणारा आहे. चार वर्षांत एक गट, ही गती घाईची नव्हे. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मल्ल घडविण्यात खुराकाइतकाच समाजाचाही वाटा असतो, हे तीवरून कळते.

अगदी अलीकडचे उदाहरण बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे ह्यांचे. त्यांनी २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. दुसऱ्या टोकास कवठेपिरानचे मारुती माने ह्यांच्यासारखे भारदस्त मल्ल १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. तात्पर्य, देहाचे कोणतेही एक माप श्रेष्ठ नाही. आपल्या उंचीस व हाडापेरास साजेल असा गट ओळखणे आणि त्यात बळकट होणे हेच खरे.

ह्याची उलट बाजू म्हणजे स्पर्धेच्या तोंडावर वजन एकाएकी उतरविणे. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या विनेश फोगाट ह्या केवळ सुमारे १०० ग्रॅम अधिक भरल्यामुळे अपात्र ठरल्या. जाणत्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीही जे इतके अवघड असते, ते गावातील अल्पवयीन मुलाने पाणी तोडून, उन्हात धावून करू नये. वाढीच्या वयातील मुलास खालच्या गटात कोंडण्यापेक्षा वरच्या गटात वाढू देणे हिताचे.

८. धोक्याच्या वाटा

झटपट अंग भरण्याची हाव तरुणांस आज औषधांकडे नेत आहे. पुंसत्वसंप्रेरकासारखी कृत्रिम द्रव्ये घेतल्यास स्नायू वाढतात हे नाकारता येत नाही. पण शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती त्यामुळे थंडावते, वृषण आकसतात, हृदय व यकृत ह्यांस इजा पोहोचते आणि किशोरवयात हाडांची टोके अकाली सांधून उंची खुंटते. रक्तदाब वाढविण्यासाठी रुग्णालयात वापरावयाची मेफेंटरमाइनसारखी इंजेक्शनेही व्यायाम करणाऱ्यांत गैरवापरात आल्याचे महाराष्ट्रातील पोलीस कारवायांतून उघड झाले आहे. त्याने अंग मुळीच भरत नाही. थकवा तेवढा जाणवेनासा होतो, आणि थकवा ही तर शरीराने दिलेली सूचना होय. डब्यांतून मिळणारी प्रथिनांची भुकटी हे मुळात दुधाचेच घनरूप. ती शुद्ध असल्यास अपायकारक नाही, पण दूध, डाळ, दाणे पुरेसे मिळत असतील तर आवश्यकही नाही. बिनछापाची, स्वस्त वा ‘हमखास’ गुणाची भुकटी मात्र टाळावी.

दुसरा धोका कुस्ती सोडल्यानंतरचा. मेहनत थांबते आणि खुराकाची सवय सुटत नाही. मग तेच दूध-तूप मेद, रक्तदाब व मधुमेह ह्यांस निमंत्रण देते. वस्तादाने मुलास खावयास शिकवावे, तसेच खाणे उतरवावयासही शिकवावे.

९. समारोप

उपर्युक्त विवेचनाचा इत्यर्थ असा : वजन वाढते ते उष्मांकांच्या शिलकीने आणि ते स्नायूंत उतरते ते वाढत्या भाराच्या मेहनतीने. प्रथिने ही त्याची सामग्री, झोप ही त्याची संधी. गुंजण मावळासारख्या डोंगरी प्रदेशात अडथळा येतो तो बहुधा खुराकाच्या श्रीमंतीचा नसून, चढ-उतारात निघून जाणाऱ्या ऊर्जेचा, पातळ आमटीचा आणि न बदलणाऱ्या भाराचा असतो. हे तीनही दोष घरच्या घरी, फारसा खर्च न करता दूर करता येण्यासारखे आहेत. प्रत्येक तालमीत एक काटा व एक वही असावी. दर आठवड्यास वजन, भार व आवृत्त्या त्यात लिहाव्यात, आणि सुगीनंतरच्या चार महिन्यांत काय साधले ते वस्ताद व मुलाचे आईवडील ह्यांनी एकत्र बसून पाहावे. घरातील दुधाची एक किटली विकावयाची की मुलासाठी ठेवावयाची, हा निर्णय ज्यांस घ्यावा लागतो, त्यांच्या हाती तो घेण्यापुरते ज्ञान असावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.